मोठं आतडं काढायचं म्हणतात: कोथरूडच्या एका आईला स्टोमा सिस्टरचं उत्तर

प्रश्न असा होता: मुलगी २५ वर्षांची, हिंजवडीत नोकरी करते. सहा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा) आहे. वर्षभरात दोनदा ॲडमिट केलं. स्टिरॉइड १५ मिलिग्रॅमच्या खाली आणलं की पुन्हा रक्त पडायला लागतं. इन्फ्लिक्सिमॅब नावाच्या औषधानं आठ महिने बरं गेलं, मग त्याचाही उपयोग होईना. वजन ४१ किलो, हिमोग्लोबिन ८.४. डॉक्टर म्हणतात मोठं आतडं काढावं लागेल, तीन टप्प्यांत, आणि पोटावर पिशवी येईल. माझ्या सासूबाई म्हणतात अजून सहा महिने दुसरं काही करून पाहू. हे टाळता येईल का? आणि तिच्या लग्नाचं, मुलाबाळांचं काय?

ताई, मी सर्जन नाही हे आधीच सांगते. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात आधी सर्जिकल वॉर्ड आणि मग स्टोमा विभाग अशी माझी २३ वर्षं गेली. स्टोमा म्हणजे शौच बाहेर यावी म्हणून पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, त्यावर पिशवी लावतात. ऑपरेशन सर्जन करतात. त्याआधी पोटावर पेननं खूण करणं आणि नंतर पेशंटला स्वतःची पिशवी स्वतः बदलायला शिकवणं हे माझं काम. तिचे रिपोर्ट तिच्या डॉक्टरांकडे आहेत, निर्णय त्यांच्याबरोबर बसूनच घ्या. पण इतकी वर्षं पलंगाच्या या बाजूला उभं राहून माझं एक मत पक्कं झालंय. पहिल्या ऑपरेशनला उशीर करू नये आणि दुसऱ्याची घाई करू नये. आपल्याकडची बहुतेक घरं नेमकं उलट वागतात. पहिलं ऑपरेशन जमेल तितकं लांबवतात, आणि एकदा पिशवी आली की ती ‘कधी निघणार’ म्हणून रोज सर्जनच्या मागे लागतात.

आधी त्या सहा महिन्यांबद्दल. एखादं औषध उरलंय का, हा प्रश्न चुकीचा नाही. व्हेडोलिझुमॅब, टोफासिटिनिब, उस्टेकिनुमॅब अशी औषधं आता मिळतात. पोटाच्या डॉक्टरांना सरळ विचारा: हिच्यासाठी यातलं कोणतं उरलंय, फरक दिसायला किती आठवडे लागतील, आणि तेवढ्यात फरक पडला नाही तर पुढे काय. या तिन्हीची उत्तरं मिळाली तर थांबण्याला अर्थ आहे. नुसतं ‘बघू’ असेल तर त्या सहा महिन्यांत दोनच गोष्टी नक्की होतील. वजन आणखी उतरेल आणि स्टिरॉइड आणखी साठेल. जास्त डोसचं स्टिरॉइड, कमी हिमोग्लोबिन आणि अंगात प्रथिनं नाहीत, अशा शरीरात टाके लवकर धरत नाहीत, जंतुसंसर्ग होतो. तेच ऑपरेशन तारीख ठरवून केलं तर एका पद्धतीनं पार पडतं आणि रात्री दोन वाजता घाईघाईत केलं तर दुसऱ्या. मी दोन्ही पाहिलीत.

सासूबाईंचा काढा, दुधीचा रस, कुणाच्या मावसभावाला गुण आलेली पुडी, यावर मी वाद घालत नाही. एकच हात जोडून सांगणं आहे, त्या नादात स्टिरॉइड एकदम बंद करू नका. महिनोन् महिने बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीरातल्या ग्रंथी स्वतःचं बनवायचं विसरतात. अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळून माणूस बेशुद्ध पडू शकतो. आणि हो, हा आजार मिसळ खाऊन झालेला नाही. तिला ते ऐकवणं बंद करा.

थांबायचं ठरलंच तर एक खूण घरातल्या सगळ्यांना पाठ हवी. रोज दहा-बारा वेळा जाणारी मुलगी अचानक दोनदाच गेली, पण पोट फुगलंय, ताप आहे, नाडी जोरात चालतेय, तर ते बरं वाटणं नव्हे. मोठं आतडं फुगून निपचित पडलंय, म्हणून शौच कमी झाली. एक्स-रेमध्ये मोठ्या आतड्याचा आडवा भाग ६ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त रुंद दिसला की डॉक्टर धावपळ सुरू करतात, कारण ते फुटू शकतं. एका घरानं अशा वेळी ‘औषध लागू पडलं’ म्हणून पेढे वाटले होते. त्याच रात्री त्या मुलाला ऑपरेशनला घेतलं. मुलगा वाचला, पण पुढचे तीन आठवडे आयसीयूत होता.

आता ऑपरेशन. हा आजार मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराचा. गुदाशयापासून सुरू होतो आणि मध्ये जागा न सोडता वर चढतो. लहान आतड्याला तो धरत नाही, म्हणून मोठं आतडं आणि गुदाशय दोन्ही गेले की पोटातला हा आजार संपतो. सांधे, डोळे, पित्तनलिका यांचा त्रास असेल तर तो मात्र प्रत्येक वेळी जातोच असं नाही. क्रोन्स या लहान आतड्यालाही धरणाऱ्या आजारात हा हिशेब चालत नाही, म्हणून आतड्याच्या तुकड्याचा तपास (बायॉप्सी) पुन्हा नीट वाचून घेतात.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. त्याचं मुख्य काम पाणी आणि मीठ शोषून घेणं. अन्न पचवणं, सत्त्व शोषणं हे बहुतेक सगळं लहान आतड्यात होतं. म्हणून मोठ्या आतड्याशिवाय माणूस जगतो, वजन भरतं, गाल वर येतात. पाणी आणि मीठ मात्र सांभाळावं लागतं. त्यावर पुढे बरंच लिहिणार आहे.

तीन टप्पे का, तर तुमची मुलगी आत्ता अशक्त आहे म्हणून. पहिल्या टप्प्यात बहुतेक वेळा दुर्बिणीतून मोठं आतडं काढतात, गुदाशय आत तसाच ठेवतात आणि लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर आणतात. तोच स्टोमा. सदऱ्याची बाही उलटी दुमडावी तसं ते टोक उलटवून शिवतात, त्यामुळे ते दोन-तीन सेंटिमीटर वर राहतं आणि पातळ शौच कातडीवर न पसरता थेट पिशवीत पडते. ही युक्ती बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रूक यांनी १९५२ साली मांडली. त्याआधी स्टोमा कातडीच्या पातळीला असायचा आणि भोवतालची कातडी जळून जायची.

दुसऱ्या टप्प्यात गुदाशय काढतात. लहान आतड्याचा शेवटचा ३० ते ४० सेंटिमीटर भाग दुमडून त्याची पिशवी शिवतात आणि ती गुदद्वाराला जोडतात. हाच जे-पाऊच. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या ॲलन पार्क्स आणि जॉन निकल्स यांनी १९७८ मध्ये असं पाऊच प्रसिद्ध केलं, ते वेगळ्या आकाराचं होतं. दोन वर्षांनी जपानच्या उत्सुनोमिया यांनी इंग्रजी जे अक्षरासारखी साधी घडी आणली आणि आज सगळीकडे तीच करतात. ही जोडणी नीट भरून यावी म्हणून तेवढ्यापुरता वरच्या बाजूला पुन्हा एक तात्पुरता स्टोमा करतात. दोन-तीन महिन्यांनी पाऊचमध्ये औषध सोडून एक्स-रे काढतात. गळती नाही असं दिसलं की तिसऱ्या टप्प्यात तो स्टोमा बंद. हे शेवटचं ऑपरेशन छोटं असतं.

तब्येतीनं धडधाकट, स्टिरॉइड न घेणाऱ्या पेशंटला दोन टप्प्यांतही करतात. तुमच्या सर्जननी तीन सांगितले याचा अर्थ ते तिची प्रकृती बघून चाललेत. घाबरू नका.

आता मुलाबाळांचं. हे फार थोडे लोक वेळेवर विचारतात, तुम्ही विचारलंत हे चांगलं केलंत. गर्भधारणेला अडचण येते ती पहिल्या टप्प्यामुळे नाही, दुसऱ्यामुळे. गुदाशय काढताना ओटीपोटात खोल काम होतं, तिथे आतून चिकटून जाण्याचा प्रकार होतो आणि बीजनलिका त्यात अडकू शकतात. त्यामुळे पाऊचनंतर दिवस राहायला वेळ लागू शकतो किंवा मदत घ्यावी लागू शकते. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनात हे प्रमाण कमी दिसतं. एकदा दिवस राहिले की बाळ वाढवण्यात सहसा अडचण नसते, फक्त पाऊच असेल तर गुदद्वाराचे स्नायू जपायला अनेक डॉक्टर सिझेरियन सुचवतात.

म्हणून काही मुली पहिल्या टप्प्यानंतर थांबतात. स्टोमा ठेवून लग्न करतात, एखादं मूल होऊ देतात आणि मग पाऊच करतात. स्टोमा असताना गरोदरपण चालतं. पोट वाढेल तसा स्टोमाचा आकार बदलतो आणि पिशवीचं भोक पुन्हा मोजून कापावं लागतं, एवढंच. या वाटेलाही किंमत आहे: आत राहिलेल्या गुदाशयात आजार असतोच. त्याची दुर्बिणीनं तपासणी चुकवायची नाही, कारण आजाराला आठ-दहा वर्षं झाली की कॅन्सरचा धोका वाढत जातो. मी कोणती वाट घ्या म्हणणार नाही. पण या दोन वाटा आहेत हे पहिल्या ऑपरेशनच्या आधी मुलीला स्वतःला कळायला हवं. सर्जनकडे तिच्यासोबत जा, दहा मिनिटं बोला, मग बाहेर जाऊन बसा. तुमच्यासमोर ती काही प्रश्न विचारणारच नाही.

लग्नाचं विचारलंत म्हणून. कुणाला, कधी, किती सांगायचं हे तिनं ठरवायचं. स्थळ सांगणाऱ्या बाईंनी नाही आणि आत्यानंही नाही. लपवून केलेलं मात्र टिकत नाही.

ऑपरेशनच्या आधी हाती दोन-तीन आठवडे असतील तर ते वाया घालवू नका. शिरेतून लोह देता येईल का विचारा. अंडी, पनीर, दही, मुगाची डाळ, सोसत असेल तर प्रथिनांची पावडर हे सगळं आहारतज्ज्ञांना विचारून सुरू करा. रोज थोडं चालू दे. श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचा तो तीन चेंडूंचा स्पायरोमीटर आत्ताच आणा, म्हणजे ऑपरेशननंतर नवखा वाटणार नाही.

आणि खूण. यासाठी मी भांडते. स्टोमा कुठे काढायचा ते पेशंट जागा असताना, उभं करून, बसवून, वाकवून, आडवं करून ठरवायचं असतं. आडव्या पोटावर जी जागा सपाट दिसते तीच बसल्यावर घडीत जाते आणि मग पिशवी रोज गळते. जागा पोटाच्या सरळ स्नायूवर हवी, बेंबीजवळच्या खळगीपासून आणि जुन्या व्रणापासून लांब, जीन्सच्या पट्ट्याखाली किंवा परकराच्या नाडीखाली न येणारी, आणि तिला स्वतःला मान खाली घालून दिसणारी. हडपसरच्या एका काकूंचा स्टोमा दुसरीकडे घाईत झाला होता, नेमका नाडीच्या रेषेत. पुढची चार वर्षं त्या गाऊनवर राहिल्या. सर्जन कितीही मोठे असोत, ‘आदल्या दिवशी खूण कोण करणार?’ हे विचारल्याशिवाय भरती होऊ नका.

रुग्णालयातले दिवस थोडक्यात. पहिल्या दिवशी लघवीची नळी, सलाईन, पोटात एखादी निचऱ्याची नळी. दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात, आणि त्यावरून पेशंटच्या आया आमच्याशी भांडतात. चालू द्या. या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच जास्त असतो. त्यासाठी पोटात रक्त पातळ करणारी इंजेक्शनं देतात, कधीकधी घरी गेल्यावरही चार आठवडे चालू ठेवतात. स्टोमातून आधी वारा येतो, मग हिरवं पाणी. कधी आतडं काही दिवस संपावर जातं, पोट फुगतं, उलटी होते, नाकातून नळी घालावी लागते. हे बऱ्याच जणांना होतं, सुटतंही. सगळं सुरळीत असेल तर आठवड्याभरात घरी सोडतात. स्टिरॉइड त्यानंतर आठवड्याआठवड्यानं उतरवतात, वेळापत्रक लिहून घ्या.

स्टोमा पाहायला तिला पहिल्यांदा धक्का बसेल. लालबुंद, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला हात लावला तर दुखत नाही, कारण तशा वेदनेच्या नसा तिथे नाहीत. पुसताना रक्ताचा थेंब येतो, तेही चालतं. जांभळा किंवा काळा पडला तर ताबडतोब बोलवायचं. सुरुवातीला सुजलेला असतो, सहा ते आठ आठवड्यांत आकसतो, म्हणून तेवढे दिवस दर आठवड्याला मोजून पिशवीच्या, कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं भोक लहान करत जायचं. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं. त्याहून मोठं कापलं की उघडी कातडी शौचेनं सोलते. शंभरातल्या नव्वद तक्रारी याच्या, आणि या आकड्याला माझ्या डोक्याशिवाय दुसरा आधार नाही.

पिशवी सकाळी, चहाच्याही आधी बदलायची, तेव्हा स्टोमा शांत असतो. कोमट पाणी, मऊ कापड, नीट कोरडं करणं, बस्स. तेलकट साबण, बेबी ऑइल, डेटॉल काही नको; चिकटपट्टी धरत नाही. एक चकती तीन-चार दिवस टिकते, एप्रिल-मेच्या घामात आधीच सुटते. पिशवी तिसरा भाग ते अर्धी भरली की रिकामी करायची, पूर्ण भरायची वाट बघायची नाही. पिशवी लावून अंघोळ चालते. वापरलेली चकती-पिशवी रिकामी करून, कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळी द्या. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई आपला कचरा हातानं निवडतात.

गुदाशय आत असेपर्यंत तिला खालून शौचाची भावना होईल, चिकट आव किंवा थोडं रक्तही पडेल. ऑपरेशन फसलं की काय म्हणून रात्री अकराला फोन येतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. फार रक्त, पू किंवा ताप असेल तर दाखवा.

आता पाणी आणि मीठ. ऑपरेशननंतर परत ॲडमिट व्हायचं सगळ्यात मोठं कारण टाके नसतात, कोरडं पडणं असतं. सुरुवातीला स्टोमातून दिवसाला लिटर-सव्वा लिटर जातं, हळूहळू ५०० ते ८०० मिलिलिटरवर येतं आणि दाट होतं. पहिले दोन महिने मापाचं भांडं संडासात ठेवा आणि वहीत लिहा. २४ तासांत दीड लिटरच्या वर गेलं, लघवी कमी आणि गडद झाली, उठल्यावर अंधारी आली, पायात गोळे आले तर त्याच दिवशी डॉक्टर.

इथे सगळे एकच चूक करतात. जास्त जातंय म्हणून जास्त पाणी पाजतात. साधं पाणी लहान आतड्यातून मीठ ओढून बाहेर काढतं. जितकं पाजाल तितकं जास्त जाईल आणि मुलगी सुकत जाईल. तेव्हा मीठ आणि साखर असलेलं पाणी हवं. ओआरएसचं पाकीट चालतं, पण पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच मिसळा. लिटरचं पाकीट पेल्याभर पाण्यात ढवळून पाजणारे मी पाहिलेत. खूप जात असेल तर रुग्णालयातून वेगळं द्रावण सांगतात: १ लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा. चव वाईट. थंड करून, लिंबू पिळून, दिवसभर घोटघोट. शहाळ्याला आपल्याकडे फार मान आहे, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, इथे हवं नेमकं सोडियम. मीठ घातलेली भाताची पेज आणि खारं ताक त्यापेक्षा बरं. लोपरामाइडची गोळी डॉक्टरांनी दिली तर जेवणाच्या अर्धा तास आधी, जेवणानंतर नाही.

जेवण पहिले सहा ते आठ आठवडे मऊ आणि कमी चोथ्याचं. मऊ भात-मूगडाळ, दही, उकडलेला बटाटा, केळं, अंडं, मासा, शिरा, सालं काढलेली दुधी-लाल भोपळ्याची भाजी. साबुदाणा शौच दाट करतो, उपासाचा पदार्थ म्हणून उगाच टाळू नका. पण खिचडीत दाण्याचं कूट नको, शेंगदाणे अडकतात. तसंच ओलं खोबरं, मक्याचं कणीस, संत्र्याच्या फोडीवरची साल, कच्च्या पालेभाज्या, मशरूम, सुकी अंजिरं. पावसाळ्यात सिंहगडावर भाजलेलं कणीस खाऊन दुसऱ्या दिवशी पोट धरून आलेला मुलगा माझ्या दर वर्षीच्या यादीत ठरलेला असतो. दोन महिन्यांनंतर एकेक पदार्थ थोडाथोडा, खूप चावून आणा. भाकरी येते, पुढे सौम्य मिसळही येते. बीट खाल्लं की पिशवीत लाल दिसतं, रक्त समजून रिक्षा पकडू नका.

चार-सहा तास स्टोमातून काहीच आलं नाही, कळा येतायत, उलटी होतेय, तर ते अडकणं. पाय पोटाशी घेऊन पडून राहा, पोट चोळा, चकतीचं भोक घट्ट वाटलं तर चकती काढा आणि तासाभरात सुटलं नाही तर रुग्णालय गाठा. जुलाब होण्यासाठी घेतात ते औषध, एरंडेल, चूर्ण यातलं काहीही या माणसाला कधीच द्यायचं नाही. केमिस्टकडे, दातांच्या डॉक्टरकडे, कुठेही गेलं तरी ‘मला इलिऑस्टॉमी (लहान आतड्याचा स्टोमा) आहे’ हे तिनं सांगायचं. हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्या जशाच्या तशा पिशवीत येतात. आल्या तर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

सहा ते आठ आठवडे ५ किलोच्या वर काही उचलायचं नाही. भरलेली बादली त्यात येते, गॅसचा सिलिंडर तर येतोच. उचललं तर स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो. चालणं मात्र रोज वाढवा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या तिसऱ्या महिन्यात चढून फोटो पाठवणारे माझे पेशंट आहेत. दुचाकी सहा आठवडे नको. आपल्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर बघता मी आठ म्हणते. घरून काम असेल तर महिन्या-दीड महिन्यात थोडे तास सुरू करता येतं. हिंजवडीचा रोजचा प्रवास त्यानंतर. बॅगेत नेहमी एक सुटा संच ठेवायचा: कापून तयार चकती, पिशवी, टिश्यू, काळी कॅरीबॅग, एक पँट. गाडीत ठेवू नका, उन्हात चकतीचा गोंद वितळतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती रडेल. रुग्णालयात धीट असते, घरी पाहुणे ओसरल्यावर आरशासमोर एकटी उभी राहिली की कोसळते. समजावू नका, शेजारी बसा. पिशवी तिची तिलाच बदलू द्या. आयांनी बदलायला घेतलं की मुली सहा-सहा महिने शिकत नाहीत. शक्य असेल तर तिच्या वयाच्या, स्टोमा असलेल्या मुलीशी बोलणं करून द्या. विभागातल्या सिस्टर ती व्यवस्था करतात, ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाकडेही विचारता येतं. आणि ‘पिशवी लावून देवघरात जायचं का’ असं सासूबाईंनी विचारलं तर सांगा, पूजेला बसलेल्या गुरुजींच्या पोटातही तेच असतं, फक्त त्यांना बाहेर पिशवी नाही.

दुसरं ऑपरेशन कधी, तर स्टिरॉइड पूर्ण सुटल्यावर, वजन-रक्त भरल्यावर, किमान तीन महिन्यांनी, आणि अनेकदा सहा. तिला आणखी थांबावंसं वाटलं तर थांबू द्या. माझ्या पाहण्यात अशी माणसं आहेत ज्यांनी पाऊच करूनच घेतलं नाही. त्यांना पिशवीत काही कमीपणा वाटत नाही, आणि तो निर्णय हार मानून घेतलेला नाही.

पाऊच झाल्यावर काय होतं तेही स्पष्ट ऐकून घ्या, कारण ‘पिशवी निघाली म्हणजे सगळं पूर्वीसारखं’ ही समजूत फार रडवते. पहिल्या आठवड्यांत दिवसाला दहा-पंधरा वेळाही जावं लागतं. वर्षभरात ते चार ते आठवर स्थिरावतं, रात्री एखाद वेळा उठावं लागतं. पूर्वीची ती जीवघेणी घाई मात्र बहुतेकांची जाते, थोडं थांबवून धरता येतं, आणि मला विचाराल तर खरा फरक तोच. खाली आग होते. आपण पाण्यानं धुतो याचा इथे मोठा फायदा आहे. धुवा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम जाड लावा. गुदद्वाराचे स्नायू आवळायचा व्यायाम दुसऱ्या ऑपरेशनच्या आधीपासून सुरू करा. साधारण निम्म्या लोकांना कधी ना कधी पाऊचला सूज येते. पुन्हा वारंवार जाणं, कळा, कणकण सुरू होते. मेट्रोनिडाझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कोर्सनं बहुतेकांचं उतरतं, पण मनानं गोळ्या घेऊ नका. थोड्या लोकांचं पाऊच शेवटी काढावं लागतं, तेही आधी माहीत असू द्या. लोह, बी-१२ वर्षातून एकदा तपासायचं.

पैशांचं एकच. तिन्ही ऑपरेशनं पॉलिसीत कशी बसतात ते लेखी घ्या. पिशव्यांचा दरमहा खर्च बऱ्याचदा बसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली यातलं काय मिळतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर भरतीच्या आधी विचारा, नंतर कागद जुळवणं जड जातं.

खूण करायला जाल त्या दिवशी तिला ऑफिसला घालते ती जीन्स घालून न्या. सोबत एक परकर आणि सलवारही असू द्या. सिस्टर घाईत असल्या तरी तिन्ही कपडे चढवून, खुर्चीत बसवून बघितल्याशिवाय तिनं तिथून उठायचं नाही.